आईची चोवीस तासांची ड्युटी

मी नववीत गेले त्या वर्षी आईने चोवीस तासांची ड्युटी घेतली. म्हणजे पेशंटच्या घरीच राहायचं, तिथेच जेवायचं, पेशंटच्या पलंगाशेजारी गादी टाकून झोपायचं आणि फक्त रविवारी सकाळी नऊ ते संध्याकाळी सात आपल्या घरी यायचं. त्याआधी ती दहिसरलाच एका लहान मुलांच्या डॉक्टरकडे आया होती आणि दिवेलागणीला घरी असायची. पण पप्पा काम करत होते तो अंधेरीतला छापखाना बंद पडला. सहा महिने त्यांनी इकडेतिकडे हातपाय मारले आणि एका सकाळी ते देवगडकडच्या आमच्या गावाला निघाले.

"घराचा छप्पर बघून येतंय. चार दिवसांत परत," दारात चपला घालताना ते म्हणाले.

ते परत आले नाहीत. पप्पा वाईट नव्हते, हे आधीच सांगते. दारू पीत नव्हते, हात उगारत नव्हते. ते थकले आणि जिथे कोणी काही विचारत नाही तिथे जाऊन बसले. काकांच्या आंब्याच्या कलमांना पाणी घालायचे, गणपतीत फोन करायचे. आईने काही आठवडे त्यांना फोनवर शिव्या दिल्या, मग तेही सोडलं. बोरिवलीच्या एका ब्युरोत तिने नाव घातलं. ब्युरो म्हणजे म्हाताऱ्या, आजारी माणसांसाठी घरोघरी बायका पुरवणारं ऑफिस. आठवड्याभरात तिला एक आजी मिळाल्या. वय ऐंशीच्या वर, चालणं बंद, स्मरणशक्ती गेलेली.

आमची खोली दहिसर नदीच्या कडेच्या चाळीत होती, वर पोटमाळा. आठवड्याचे सहा दिवस ती माझी एकटीची झाली. शेजारच्या काकू संध्याकाळी एक ताट आणून द्यायच्या आणि "कडी लाव गं नीट" असं भिंतीपलीकडून ओरडायच्या. बस्स. वर्गातल्या मुलींना माझा हेवा वाटायचा. "यार, तुझी मजा आहे, घरी कोण बोलायला नाही." त्या शाळा बुडवून माझ्याकडे यायच्या. आम्ही दार लावून मोबाईलवर नाच करायचो, एकीने भावाच्या खिशातली सिगारेट आणली ती पाचजणींनी ओढली, खोकलो, हसलो. चार वाजले की त्या आपापल्या घरी जायच्या. मग मी भिंतीला पाठ लावून बसायचे. टीव्ही चालू ठेवायचे, बघायचे नाही.

त्याच वर्षी श्रावणात मला पहिल्यांदा पाळी आली. शाळेतून घरी आले तेव्हा कळलं. आईने कधी काही सांगितलं नव्हतं असं नाही, पण सांगणं वेगळं आणि होणं वेगळं. मी आईला फोन लावला. मागे पाण्याचा आवाज येत होता.

"आई, मला ते झालंय."

"काय झालंय? मोठ्याने बोल."

"ते. रक्त."

तिचा आवाज एकदम मऊ झाला, आणि मला वाटलं आता ती येणार.

"घाबरू नको हां. आजींची अंघोळ चाललीय, त्या ओल्या आहेत, मी त्यांना सोडू शकत नाही. तू काकूंकडे जा. मी नंतर करते फोन."

तिने खरंच अर्ध्या तासाने फोन केला. मी उचलला नाही. काकूंकडेही गेले नाही. जुनी ओढणी फाडली आणि रविवारपर्यंत तशीच काढली. रविवारी आईने पॅड आणली, गरम पाण्याची पिशवी दिली, माझ्या केसांना तेल लावलं. मी तिच्याशी एक शब्द बोलले नाही. तिच्या अंगाला त्या घरातल्या टाल्कम पावडरचा वास येत होता.

दिवाळीनंतर शाळेत भांडण झालं. माझ्या बाकावरच्या मुलीशी माझं कशावरून तरी बिनसलं होतं. मधल्या सुट्टीत ती सगळ्यांसमोर म्हणाली, "हिची आई लोकांच्या घरी शी काढते." हे खरंच होतं. म्हणूनच मी कंपास पेटी उचलली आणि तिच्या तोंडावर मारली. पत्र्याची होती. तिचा पुढचा दात अर्धा तुटला. रक्त बघून मुली किंचाळल्या. मला मात्र त्या क्षणी खूप बरं वाटलं. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. छातीवर बसलेलं काहीतरी उठल्यासारखं वाटलं. पुढे जे झालं त्याचं मूळ मला त्या बऱ्या वाटण्यातच दिसतं.

आईला शाळेत बोलावलं. ती दोन तासांची सुट्टी घेऊन आली, ब्युरोचा निळा एप्रन अंगात तसाच. त्या मुलीच्या वडिलांसमोर तिने हात जोडले. मुख्याध्यापिकाबाई बोलत होत्या तोवर ती मान खाली घालून उभी होती. मला पंधरा दिवस शाळेत यायची बंदी झाली. बाहेर आल्यावर मला वाटलं आता मारेल. मारावं असंच वाटत होतं. तिने मोबाईलमध्ये वेळ बघितली.

"साडेबाराला आजींचं जेवण असतं," ती म्हणाली आणि रिक्षाला हात केला.

त्या रात्री तिने आजींच्या घरच्या मॅडमना विचारलं असावं. दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला, की बंदी आहे तोवर मी सकाळी तिकडे यावं, स्वयंपाकघरात बसून अभ्यास करावा आणि संध्याकाळी परत जावं. मॅडम म्हणजे आजींची सून. बँकेत नोकरीला होत्या, नवरा आखातात. बाई सरळ होत्या. पहिल्याच दिवशी त्यांनी मला चहाबरोबर केक दिला आणि म्हणाल्या, "शांत बसायचं हां. आजींना आवाज सोसत नाही."

बोरिवलीतल्या जुन्या ख्रिस्ती गावठाणातलं ते कुटुंब. एके काळी त्यांची तिथे भातशेती होती, आता त्याच जमिनीवर टॉवर झाला होता आणि सातव्या मजल्यावर त्यांचा फ्लॅट. घरात मराठीच बोलायचे, थोडं वेगळ्या हेलाचं. दारावर क्रूस होता, हॉलमध्ये आजींचा लुगडं नेसलेला, केसात फुलं माळलेला लग्नातला फोटो. खरी आजी आतल्या खोलीत पलंगावर होती. गुडघे पोटाशी घेतलेली, हातापायांच्या काड्या, डोळे मात्र मोठे आणि काळेभोर.

मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसायचे. तिथून आजींच्या खोलीचं दार दिसायचं. अभ्यास काय करणार, मी आईला बघत बसायचे. आईला मी असं कधी बघितलंच नव्हतं. घरी ती नेहमी घाईत असायची, चिडलेली, एका हाताने पोळी आणि दुसऱ्याने झाडू. इथे ती हळू चालायची. आजींना कुशीवर वळवताना पाठीखाली हात घालून "एक, दोन, आणि झालं" असं म्हणायची. नाचणीची पेज चमच्याने भरवायची, मध्येच हनुवटी पुसायची, स्वतः तोंड उघडून दाखवायची. मालवणी गाणी म्हणायची. ती गाणी मला माहीत नव्हती. केस विंचरताना गुंता आला तर मुळाशी बोट दाबून धरायची, म्हणजे ओढ बसू नये. माझे केस विंचरताना ती कंगवा फणकाऱ्याने ओढायची.

आणि आजी तिला आई म्हणायच्या.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं त्या विव्हळतायत. पण नाही. "आई, तू कुठे गेलती?" असं त्या विचारायच्या, आणि माझी आई, जी माझ्यापेक्षा त्यांच्याच जवळ सहा दिवस असायची, ती म्हणायची, "इथेच आहे गं बाळा. कुठे जाणार तुला सोडून?"

मी पेन टेबलावर दाबलं, त्याची निब वाकली.

बंदीचा पहिला आठवडा गेला. मंगळवारी दुपारी आई औषध आणायला खाली गेली. "पाच मिनिटं आजींजवळ बस. हात धर फक्त," म्हणाली. मी जाऊन बसले. आजींनी माझ्याकडे बघितलं. मला माझी आई समजल्या की आणखी कोणी, देव जाणे.

"आई," त्या म्हणाल्या.

"मी नाही तुझी आई. ती तुझी आई नाही. ती माझी आई आहे."

"आई," त्या पुन्हा म्हणाल्या आणि हसल्या. तोंडात दोनच दात होते.

मी त्यांच्या दंडाच्या आतल्या बाजूची कातडी दोन बोटांत धरली आणि पिळली. कातडी मऊ होती, सुटी, शिजलेल्या बटाट्याच्या सालीसारखी. त्या ओरडल्या नाहीत. त्यांचं हसू तसंच राहिलं आणि डोळ्यांतून पाणी यायला लागलं. दोन्ही एकाच वेळी. मी सोडलं. मग पुन्हा धरलं. मला पुन्हा तसंच बरं वाटलं, कंपास पेटीच्या वेळी वाटलं होतं तसं. आई आली तेव्हा मी त्यांचा हात हातात घेऊन बसले होते.

"शहाणी गं माझी," आई म्हणाली. कितीतरी दिवसांनी म्हणाली.

त्या आठवड्यात मी आणखी दोनदा केलं. एकदा आई कपडे वाळत घालत होती तेव्हा, एकदा ती अंघोळीला गेली होती तेव्हा. तिसऱ्या वेळी आजींनी मला बघितल्याबरोबर दंड अंगाशी घट्ट धरला. बाकी सगळं विसरणाऱ्या त्या बाईला तेवढं लक्षात राहिलं होतं. तरी मी थांबले नाही. दुसरा दंड होता.

शनिवारी संध्याकाळी निघताना आई मला दारापर्यंत सोडायला आली. "सोमवारपासून तू इथे येऊ नको," ती म्हणाली. मी का म्हणून विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. लिफ्ट आली, मी गेले.

रविवारी आई घरी असायची तेव्हा ब्युरोतून एक बदली मावशी तिच्या जागी जायची. त्या रविवारी बदली मावशीने आजींना अंघोळ घातली. दुपारी दोनच्या सुमाराला आईचा फोन वाजला. आई नुसती "हो मॅडम, हो मॅडम" करत होती. फोन ठेवून ती माझ्याकडे वळली.

"कपडे बदल. त्यांनी तुलाही बोलावलंय."

रस्ताभर मी रिक्षाच्या बाहेर बघत होते.

मॅडमनी आम्हाला बसायला सांगितलं नाही. आत नेलं, आजींच्या गाऊनची बाही वर केली. काळेनिळे, कडेने पिवळे पडलेले डाग. दोन्ही दंडांवर. मी केलं तेव्हा ते असे दिसतील हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. बदली मावशी भिंतीला टेकून उभी होती.

"ताई, हे काय आहे?" मॅडमनी विचारलं.

"उचलताना पकड बसली असेल, मॅडम."

"ही पकड आहे? मला मूर्ख समजता का? हे चिमटे आहेत." मग त्या माझ्याकडे वळल्या. आवाज चढवला नाही त्यांनी. "तू काही केलंस का? खरं सांग. मी ओरडणार नाही."

मी तोंड उघडलं. काय बोलणार होते ते मला आजही माहीत नाही. कदाचित खरं बोलले असते. पण आई मध्ये आली, अक्षरशः माझ्या आणि मॅडमच्या मध्ये येऊन उभी राहिली.

"तिला काय विचारता? ती लहान आहे, स्वयंपाकघरात बसून अभ्यास करायची. माझ्या हातून झालं."

"तुम्ही चिमटे काढलेत?"

"आजी जेवत नव्हत्या. थुंकत होत्या. माझा तोल गेला."

मॅडम तिच्याकडे बघतच राहिल्या. पलंगावरून आजींनी हात पुढे केला, माझ्या आईच्या पदराकडे. "आई," त्या म्हणाल्या. आईने तो हात धरला नाही. धरला असता तर ती रडली असती, असं मला वाटतं. मॅडमनी पुढे होऊन सासूबाईंचा हात पांघरुणात घातला.

"इतके महिने मी तुमच्या भरवशावर घर टाकून जात होते," त्या म्हणाल्या. "तुमच्यासाठी प्रार्थना करायचे मी. निघा. पोलिसांत जात नाही एवढंच."

आईची पिशवी भरून होईपर्यंत मला पाच मिनिटं मिळाली होती. गाऊन, कंगवा, चार्जर, चष्म्याचं घर. पाच मिनिटं भरपूर असतात. मी नाही बोलले.

त्याच संध्याकाळी ब्युरोच्या ग्रुपवर आजींच्या दंडाचा फोटो आला आणि त्याखाली आईचा फोटो, एप्रनमधला. हिला कोणी काम देऊ नये. आईने तो मला दाखवला नाही, पण तिच्या मोबाईलला लॉक नव्हतं. बोरिवलीपासून भाईंदरपर्यंतच्या सगळ्या ब्युरोंतल्या बायका एकमेकींना ओळखतात. फोटो सगळीकडे गेला.

मग आई घरी राहायला लागली. मला जे हवं होतं तेच झालं. काकूंच्या ओळखीने तिला इमिटेशन ज्वेलरीचं काम मिळालं, घरी बसून कानातल्यांवर खडे चिकटवायचं. सकाळपासून ती खिडकीपाशी बसायची, चिमट्याने एक एक खडा उचलायची. खोलीभर गोंदाचा वास. बोटांची कातडी सोलवटली, डोळे लाल झाले. ती मला जेवायला वाढायची, गणवेश धुवायची. पण बोलायची नाही. विचारायची नाही. मी वाट बघत होते, आज विचारेल, उद्या विचारेल. रागाने बघितलं तरी चाललं असतं. ती माझ्याकडे बघायचीच नाही. आणि रविवारी तेल लावणं बंद झालं. बाटली मी पुढ्यात नेऊन ठेवली तर म्हणाली, "आता मोठी झालीस, आपलं आपण लाव."

मी आणखी बिघडले. शाळेत जायचे म्हणून निघायचे आणि चेक नाक्यापर्यंत चालत जाऊन परत यायचे. काकूंशी उद्धट बोलले, त्यांचं ताट यायचं बंद झालं. नववीची परीक्षा कशीबशी ढकलली, दहावीत सहामाहीला सगळ्या विषयांत नापास. एका मंगळवारी मी दप्तरात दोन ड्रेस भरले आणि माहुलला गेले.

माहुलला माझी एक मैत्रीण राहायची. आधी आमच्याच शाळेत होती, नदीकाठचं त्यांचं झोपडं पाडल्यावर त्यांना तिकडे खोली मिळाली. एकमेकींना चिकटून उभ्या असलेल्या इमारती, मधल्या बोळात सूर्य दिसत नाही. हवेत तेलकट वास, पहिल्या दिवशी डोकं दुखतं, मग म्हणे सवय होते. मैत्रिणीच्या आईने माझ्यासाठीही भाकरी टाकली. चार दिवस मी तिथे होते. चौथ्या दिवशी मैत्रिणीच्या आईने माझ्याकडून नंबर काढून घेतला आणि माझ्या आईला फोन केला. दोन तासांत आई आली.

मला वाटलं होतं ती सगळ्यांसमोर तमाशा करेल. ती मैत्रिणीच्या आईशी नीट बोलली, पाणी प्यायली. मग आम्ही जिन्याने खाली उतरलो. तिसऱ्या मजल्यावर ती थांबली, कठड्याला धरून दम खात उभी राहिली. मला राहवलं नाही.

"आई, आजींना मी चिमटे काढले होते."

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"त्याच आठवड्यापासून. रोज अंघोळ कोण घालत होतं त्यांना? मीच ना?" ती जिन्याच्या भिंतीकडे बघत बोलत होती. "पहिल्या दिवशी वाटलं, काहीतरी लागलं असेल. दुसऱ्यांदा दिसलं तेव्हा कळलं. हळद लावली, लांब बाहीचा गाऊन घातला. म्हटलं दोन दिवस जातील, डाग जातील, तुझी बंदी संपेल. तू घरी जाशील."

"मग मला बोलली का नाहीस?"

"काय बोलू?"

"काहीही. मारायचं होतं मला."

"मारलं असतं तर मला थांबता आलं नसतं." ती पहिल्यांदा माझ्याकडे वळली. "आणि खरं सांगू? मला तुझी भीती वाटायला लागली होती. चिडून एखादा मारतो, ते मी समजू शकते. तू त्यांचा हात हातात धरून बसली होतीस गं. मी तुला शहाणी म्हणाले."

खालून कोणीतरी पाण्याचे कॅन घेऊन वर येत होतं. आम्ही भिंतीला सरकून त्याला वाट दिली. मग ती म्हणाली, "चल," आणि आम्ही उतरलो.

त्यानंतर आठ दिवसांनी मी आईला न सांगता बोरिवलीला गेले. मॅडमनी दार अर्धंच उघडलं. मी दारातच सांगून टाकलं, तोंडपाठ केलं होतं तसं, कोणत्या वारी, किती वेळा. त्या ऐकत राहिल्या. मग त्यांनी मला आत घेतलं आणि सरळ आजींच्या खोलीत नेलं. आजी झोपल्या होत्या. वर्षभरात आणखी लहान झाल्या होत्या. पलंगाच्या वर आता कॅमेरा होता. नवीन मावशी स्टुलावर बसून मोबाईल बघत होती.

"तुझी आई गेल्यावर त्या तीन आठवडे नीट जेवल्या नाहीत," मॅडम म्हणाल्या. "दर वेळी दाराकडे बघायच्या. मला वाटायचं, चिमटे काढणाऱ्या बाईची वाट कशी बघतात या?"

"सॉरी मॅडम."

"मला कशाला म्हणतेस?" त्यांनी आजींकडे हात केला. "त्यांना म्हण. पण त्यांना कळणार नाही. कळलं तरी संध्याकाळी आठवणार नाही."

मी म्हटलं. झोपलेल्या माणसाला. नव्या मावशीने मान वर करून बघितलं आणि परत खाली घातली. मॅडमनी मला दारापर्यंत सोडलं. माफ केलं म्हणाल्या नाहीत. दार लावताना एवढंच म्हणाल्या, "तुझ्या आईला सांग, ब्युरोत मी फोन करेन."

मला वाटलं आई खूश होईल. ती चिमटा खाली ठेवून उठली आणि माझ्या थोबाडीत मारली. आयुष्यात पहिल्यांदा. "कोणी सांगितलं होतं तुला? एवढं सगळं मी कशासाठी केलं? आता त्या बाईला कळलं, की मी तिच्या तोंडावर खोटं बोलले, आणि माझी मुलगी कशी आहे तेही कळलं. दोन्ही गेलं. आता काय राहिलं माझ्याकडे?" मग ती खाली बसली आणि सांडलेले खडे गोळा करायला लागली. मी तिला मदत करायला वाकले. तिने मला ढकललं नाही.

मॅडमनी फोन केला होता. पण ब्युरोच्या बाईंनी सांगितलं, एकदा ग्रुपवर गेलेला फोटो लोकांच्या मोबाईलमधून कसा काढणार? आणि जिच्या घरात अशी मुलगी आहे तिला दुसऱ्याच्या घरात कसं पाठवणार? आणखी दीड वर्ष आईने खडे चिकटवले. मग कांदिवलीच्या एका लहान ब्युरोने तिला बारा तासांची ड्युटी दिली. आजपर्यंत ती तेच करते. पेशंट बदलतात, म्हातारे जातात, नवे येतात. तिची कंबर गेली आहे, पट्टा बांधून जाते.

बोरिवलीच्या आजी मी दहावीत होते त्याच वर्षी गेल्या. टॉवरच्या वॉचमनकडून कळलं. आई पांढरी साडी नेसून चर्चमध्ये गेली, मागच्या बाकावर बसली. मला म्हणाली, "तू नको येऊ." मी गेले नाही. घरी आल्यावर तिने सांगितलं, की मॅडमनी तिला पुढे बोलावलं होतं, पण ती गेली नाही.

मी दहावी नापास झाले. दोन वर्षांनी बाहेरून सतरा नंबरचा फॉर्म भरून सुटले. आता दहिसरलाच एका कुरियरच्या ऑफिसात काउंटरवर बसते. चिडले की अजूनही ते बरं वाटणं आतून वर येतं, हाक मारल्यासारखं. तेव्हा मी दोन्ही हात टेबलाखाली मांड्यांवर ठेवते आणि समोरच्याचं बोलणं संपू देते. कोणाला काही कळत नाही. गिऱ्हाईकांना वाटतं, पोरगी शांत आहे.

आई आणि मी एकाच खोलीत राहतो. बोलतो, हसतोही. सिरियलवरून भांडतो. पप्पा दोन वर्षांमागे आले होते, आठ दिवस राहिले, पाहुण्यासारखे.

गेल्या मे महिन्यात माझी मावसबहीण तिच्या सहा महिन्यांच्या मुलीला घेऊन आली होती. बाळ गुटगुटीत, दंडाला वळ्या पडलेल्या. बहीण कपडे बदलायला पोटमाळ्यावर गेली आणि जाताना तिने बाळ माझ्या मांडीवर ठेवलं. आई गॅसपाशी उभी राहून फोनवर कोणाशी तरी बोलत होती. तिचं बोलणं मध्येच थांबलं. पलीकडचं माणूस हॅलो, हॅलो करत होतं, तो आवाज मला इथपर्यंत येत होता. आई माझ्या हातांकडे बघत होती. बहीण खाली येऊन बाळाला उचलेपर्यंत ती तशीच उभी राहिली, मग फोन कानाला लावून म्हणाली, "हां, बोल. ऐकतेय."

आपण असं केलं हे तिला कळलंसुद्धा नसेल. मी तिला कधी सांगणार नाही.